वडीलधाऱ्यांसह परदेशगमन : पेडणे-डिचोलीकरांसाठी काही सूचना

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील घराघरांत अलीकडे एक नवी मनीषा मूळ धरू लागली आहे, आणि ती म्हणजे थकत चाललेल्या आईवडिलांना एकदा तरी परदेश दाखवून आणावा ही. पूर्वी परदेश हा मिळवत्या मुलाचा मुलूख होता. मुलगा मस्कतला किंवा दुबईला जाई, बोटीवर नोकरी धरी, पुढे पुढे इंग्लंडातील स्विंडनसारख्या गावी बिऱ्हाड करी, आणि आईबाप आधी त्याच्या पत्राची व मागाहून फोनची वाट पाहत घरीच राहत. मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली, आणि मोपा, कासारवर्णे, वारखंड, चांदेल या गावच्या लोकांनी ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारली व काजू वेचले तो माळच जगाचा उंबरठा झाला. त्या विमानतळाने कोणाला काय दिले आणि कोणाची जमीन काय भावाने घेतली हा हिशेब निराळा आहे, व तो अजून पुरता मिटलेला नाही. परंतु आईवडिलांना न्यायचे म्हटले की पहिली सबब जी पूर्वी पुढे येई, म्हणजे दाबोळीपर्यंतचा किंवा मुंबईपर्यंतचा खटाटोप, ती पेडणेकरांपुरती तरी आता उरलेली नाही.

ज्यांचे मनात असे काही आहे त्यांनी तिकिटाचा भाव पाहण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घरात आईवडिलांची एक अलिखित सत्ता असते. कोणत्या दिवशी काय रांधायचे हे आई ठरवते, नारळ पाडायला पाडेलीला कधी बोलवायचे हे वडील ठरवतात, दारी आलेल्या भटजीला किती दक्षिणा द्यायची, शेजाऱ्याच्या कुंपणाच्या तंट्यात किती बोलायचे नि कोठे गप्प बसायचे, हे सारे त्यांच्या अखत्यारातले विषय. आणि परक्या देशाच्या विमानतळावर पाऊल टाकताच ही सारी सत्ता एका क्षणात खालसा होते. पैसा मुलाच्या खिशात, वाट मुलाच्या फोनवर, भाषा मुलाच्या तोंडात, आणि भूक लागली तरी ती मुलाला सांगितल्यावाचून भागण्याची सोय नाही. परदेशात म्हातारी माणसे चिडचिडी होतात अशी तक्रार पुष्कळ मुलांच्या तोंडी ऐकू येते. माझ्या मते ती चिडचिड थंडीची नसते, चालण्याचीही नसते, ती अखत्यार गेल्याची असते. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक सारे तो अखत्यार शाबूत राखण्याच्या तजविजीविषयीच आहे.

प्रथम काळ निवडावा. गोव्यातल्या घरातून चतुर्थीला आईवडिलांना बाहेर काढणे हा शुद्ध अत्याचार होय. माटोळी बांधल्यावाचून ज्यांचे वर्ष पुरे होत नाही त्यांना त्या दिवसांत पॅरिस दाखविले तरी ते दिसणार नाही. चतुर्थीमागून म्हाळ येतात, म्हाळांमागून नवरात्र, आणि नवरात्रामागून कोजागिरीची पेडण्याची पुनव, जिला पेडणेकर माणूस जगाच्या पाठीवरून घरी येऊ पाहतो. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला रुजू करावा लागतो. तो आता घरबसल्याही देता येतो, परंतु ट्रेझरीत स्वतः जाऊन दिल्याखेरीज ज्यांचे समाधान होत नाही अशा वडिलांशी त्यावर वाद घालू नये. पुढे जत्रा, शिगमो, काजूचा हंगाम, आणि शिरगावच्या लईराईचे धोंड असलेल्या घरी वैशाखातले व्रत. राहता राहिला जून. मे महिन्यात पुरुमेंत भरून झालेले असते, कौले शाकारून झालेली असतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्यामुळे बाजारात जीव रमत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत युरोपात उन्हाळा सुखाचा असतो. ज्यांची शेती अजून स्वतःच्या हातची आहे त्यांना हा काळ सोयीचा नाही, त्यांनी लावणी उरकून निघावे आणि चतुर्थीच्या आत परतावे.

कोठे जावे हा प्रश्न मी लिस्बनपुरता मर्यादित ठेवतो, कारण माझ्या आईवडिलांना घेऊन मी तेथे गेलो, आणि कारण गोव्याच्या माणसाचा त्या शहराशी, आवडो वा न आवडो, एक जुना व्यवहार आहे. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली गेले. सासष्टी-बारदेशच्या मानाने हा संबंध उशिराचा आणि पातळ, म्हणूनच नव्या काबिजादींतला, म्हणजे या उशिरा जिंकलेल्या तालुक्यांतला, माणूस लिस्बनकडे काहीशा मोकळ्या नजरेने पाहू शकतो असे मला वाटते.

कागदपत्रांचे काम मात्र मोकळ्या नजरेने होत नाही. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी पोर्तुगीज दप्तरात, पोर्तुगीज स्पेलिंगने असतात; नाईक, परब, गावकर ही साधी आडनावे तेथे एक रूप घेतात, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि आधार कार्डावर तिसरे. जन्मतारखेचाही असाच गोंधळ पुष्कळ घरांत आढळतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अदमासे घातलेली तारीखच पुढे आयुष्यभर चालत आलेली असते. पासपोर्टासाठी अर्ज करण्यापूर्वी हे सर्व दस्तऐवज एका टेबलावर मांडून त्यांतील फरक कोठे आहेत ते पाहावे आणि दुरुस्तीला पुरेसा अवधी ठेवावा. हे काम करताना वडिलांना शेजारी बसवावे. कोणती नोंद कोणत्या कचेरीत कोणी केली हे त्यांनाच आठवत असते, आणि प्रवासाचा पहिला हुकूम त्यांनी सोडला ही गोष्ट पुढे उपयोगी पडते.

युरोपातील शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला आणि परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा असावा लागतो, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. विमा काढताना रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा जुना विकार यांपैकी काहीही लपवू नये. लपविलेला आजार उलटला तर विमा कंपनी हात वर करते आणि तिचा तो हक्कच असतो. व्हिसासाठी बोटांचे ठसे घेतात. शेतात, काजूच्या कामात, चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्या ओळखत नाही. आठ दिवस आधीपासून रात्री बोटांना खोबरेल चोळावे, आणि तरीही अडले तर घाबरून न जाता तेथील कर्मचाऱ्यास तसे सांगावे. एकदा घेतलेले ठसे ५९ महिने ग्राह्य असतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सरहद्दीवरही बोटे आणि चेहरा नोंदविण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, तेव्हा तेथे उतरल्यावर रांगेत वेळ जाईल हे गृहीत धरूनच पुढची गाडी ठरवावी.

या ठिकाणी एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आपला जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, आणि त्या वारशावर मुलानातवंडांनाही. म्हणून काही घरांतून सहलीच्या मिषाने म्हाताऱ्या बापाला कचेरीच्या दारी उभे करण्याचा बेत शिजतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताचे नागरिकत्व संपते, मताधिकार जातो, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क जातो, आणि पुढे ओसीआय कार्डावर आपल्याच गावात पाहुण्यासारखे राहावे लागते. हा निर्णय चूक की बरोबर हे ज्याचे त्याने ठरवावे. तो घरी, ओसरीवर, वकिलाला विचारून, चार महिने विचार करून घ्यावा. सहल ती सहलच राहू द्यावी.

सामान भरणे हा आईचा प्रांत, आणि येथेच तिचा परक्या कायद्याशी पहिला खटका उडतो. युरोपात प्रवाशाच्या सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणजे घरचे तूप, पेढे, खव्याच्या वड्या, सारे जकातीवर जप्त व्हायचे. ताजी फळे-भाज्या वनस्पती-आरोग्याच्या दाखल्यावाचून चालत नाहीत, तेव्हा मुलाच्या आठवणीने राखून ठेवलेला मानकुराद गोव्यातच खाऊन संपवावा. परंतु त्या कायद्याने अननस, केळे, खजूर, डुरियन आणि नारळ या पाच फळांना मोकळीक दिली आहे, आणि सुके मासे तर ठरावीक वजनापर्यंत बिनदिक्कत नेता येतात. तूप अडते आणि सुकी सुंगटे सुटतात, हे ऐकून माझ्या आईला त्या सरकारविषयी पहिल्यांदा आदर वाटला. मात्र नारळ ओला असावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतात म्हणून विमान कंपन्याच त्या घेत नाहीत. वाटेत आखाती देशात मुलाकडे मुक्काम असेल तर खसखस कोणत्याही रूपात नेऊ नये, लाडवांतही नाही आणि शागोतीच्या मसाल्यातही नाही, कारण तेथे ती अमली पदार्थांत धरली जाते आणि तेथील पोलीस लाडू आणि गुन्हा यांत फरक करीत बसत नाहीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनाही अमिरातीत पूर्वपरवानगी लागते. तांदूळ, डाळ, नारळाचे दूध यांसाठी बॅगेचे वजन वाढविण्याचे कारण नाही. लिस्बनच्या मार्तिम मोनीझ भागात आपल्याकडच्या लोकांची दुकाने आहेत. स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड भाड्याने घ्यावे, हॉटेल टाळावे, आणि सकाळची पेज आईच्या हातची होईल असे पाहावे. तिला रांधण्याच्या कामातून सुटका देणे म्हणजे विश्रांती देणे, अशी मुलांची समजूत असते. पहिल्या दोन दिवसांपुरती ती खरी, पुढे नाही.

औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि औषधाच्या मूळ नावासह ठेवावीत. इन्सुलिन सामानात टाकल्यास गोठण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात पोर्तुगालचे घड्याळ आपल्याहून साडेचार तास मागे असते, तेव्हा गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विमानात आतल्या वाटेलगतची जागा मागावी, तासा-दीड तासाने उठवून चालवावे, पाणी पाजावे. पाणी पिण्यास वडील कां-कूं करतात त्याचे कारण तहान नसणे हे नव्हे, शौचालयाची रांग हे असते, म्हणून जागा शौचालयाजवळची असणे बरे. चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवावी. खुर्चीत बसण्याचा आपल्या वडीलधाऱ्यांना फार कमीपणा वाटतो. त्यावर युक्तिवाद करीत न बसता खुर्चीत बसलेल्याला लांब रांग लागत नाही एवढेच सांगावे. माझ्या वडिलांनी जाताना खुर्ची नाकारली आणि येताना स्वतः मागितली.

लिस्बन हे डोंगरउताराचे शहर आहे. पदपथ चुनखडीच्या लहान लहान दगडांनी बांधलेले, शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला तर निसरडे. तेव्हा रबरी तळव्याचे बूट महिनाभर आधी घेऊन ते घरी वापरून मळवून ठेवावेत. १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला बायशा हा भाग सपाट आहे, मुक्काम तेथे किंवा लिफ्ट असलेल्या मेट्रो स्थानकाजवळ करावा, आल्फामाच्या चित्रासारख्या गल्ल्यांत करू नये. ज्या अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅमचे फोटो सर्वत्र दिसतात ती गर्दीची आणि खिसेकापूंची लाडकी आहे, ती रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली तरी पुरे. झेरोनिमुसच्या मठात वास्को द गामाची कबर आहे. सोमवारी तो बंद असतो. त्या कबरीपुढे वडील बराच वेळ काही न बोलता उभे होते आणि मग, पाय दुखतात, बाक कोठे आहे, एवढेच त्यांनी विचारले. दिवसाला एक ठिकाण, तेही सकाळी, आणि दुपारी झोप, याहून अधिक आखणी करणाऱ्याने एकटे जावे. १९९८ च्या प्रदर्शनासाठी बांधलेले मत्स्यालय सपाट जमिनीवर आहे, बसायला जागा पुष्कळ, आणि काचेपलीकडचा प्रत्येक मासा आमटीचा की तळणीचा हे ठरविण्यात गोव्याच्या माणसाचा अर्धा दिवस आनंदात जातो. आईला देवळाची ओढ लागली तर लुमियार भागात राधाकृष्णाचे मोठे मंदिर आहे. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी ते नांदते ठेवले आहे, आणि आरती चुकत नाही.

जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दिवेलागणीची वेळ झाली की देवाजवळ दिवा लावणाऱ्या आईची यामुळे मोठी कुचंबणा होते: घड्याळात सात वाजलेले असतात आणि बाहेर लख्ख ऊन. याचा निकाल मुलाने देऊ नये. माझ्या आईने गावच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे तेथील दुपारी अडीच वाजता, हात जोडण्याचे ठरविले, कारण त्या वेळी घरी शेजारीण तुळशीपुढे दिवा लावीत असे. शेजारणीला फोनही तेव्हाच होई.

अखत्याराची गोष्ट मी मघाशी काढली, ती तेथे अकस्मात परत मिळालेली मी पाहिली. १२ आणि १३ जूनला लिस्बनमध्ये सांत आंतोनियोचा उत्सव असतो, गल्लीगल्लीत निखाऱ्यांवर तारले भाजतात, आणि त्या धुराने सारे शहर भरून जाते. रात्रीची गर्दी वृद्धांना झेपणारी नसते, पण दुपारी एखाद्या खाणावळीबाहेर बसायला हरकत नाही. वडिलांनी मुक्तीपूर्वी पेडण्याच्या शाळेत प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीजमधील प्राथमिक शिक्षण, केले होते, आणि त्यानंतर साठ वर्षे त्यांच्या तोंडून पोर्तुगीज कोणी ऐकले नव्हते. वाढपी आला, मी इंग्रजीत बोलू लागलो, आणि वडिलांनी मला हाताने थांबवून शाळकरी पोराच्या स्पष्ट उच्चारांत त्याला मासे किती, भाकरी किती, कॉफी साखरेची की बिनसाखरेची, हे सारे विचारले. त्यानंतर तो वाढपी माझ्याकडे वळलाच नाही. जेवणाचे पैसेही वडिलांनी दिले. तारले उत्तम, पण त्रिफळांवाचून व्यर्थ, असा निवाडाही त्यांनी दिला. प्रत्येक वडिलांना पोर्तुगीज येत असेल असे नाही, परंतु प्रत्येकाला काहीतरी येते; भाजीची पारख येते, झाडांची ओळख असते, लहान मुलांशी बिनभाषेचे बोलता येते, आणि ज्या ठिकाणी ते कसब चालेल त्या ठिकाणी त्यांना नेऊन बसविणे हे मार्गदर्शक-पुस्तकांत न सापडणारे काम मुलाचे आहे. थोडे युरो त्यांच्या खिशात असावेत. किल्लीची एक प्रत असावी. पत्त्याची आणि फोनची चिठ्ठी असावी, आणि आणीबाणीचा क्रमांक तेथेही ११२ च आहे हे सांगून ठेवावे. मग एखाद्या चौकातल्या बाकावर त्यांना तासभर एकटे बसू द्यावे.

दुसऱ्या आठवड्यात घराच्या चौकश्या सुरू होतात. विहिरीचे पाणी कुठवर चढले असेल, फणस कोणी उतरवला असेल काय, न्हाणीघराच्या पायरीवर शेवाळ धरले असेल, कुत्रा जेवत असेल ना. मुले याला कुरकुर समजतात. हातात एक वही असावी आणि हे सारे तारीखवार लिहून ठेवावे, कारण आपल्या घरात कोणती वस्तू खरोखर मोलाची आहे याची इतकी विश्वासार्ह यादी दुसरीकडून मिळायची नाही. लिस्बनमध्ये जे त्यांना सुखाचे वाटले तेही त्याच वहीत लिहावे: जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, शौचालयात पाण्याची सोय, प्रत्येक चढावर बसायला बाक.

परतण्याच्या दोन दिवस आधी शेजाऱ्याला घर उघडायला सांगावे. पावसात बंद राहिलेल्या घरात पेटाऱ्यावर बुरशी धरते, कपाटांना वास येतो, आणि अडगळीत एखादे जनावर आश्रयाला आलेले असण्याचा संभव असतो. चूल पेटवून घर कोरडे करून घ्यावे. शक्य तर दिवसाउजेडी उतरणारे विमान घ्यावे. मोपाहून डिचोली फार तर तासाभराची वाट, पण जुलैच्या पावसात रात्री ती नकोशी होते. पूर्वेकडे आल्यावर झोपेचे वेळापत्रक सावरायला पश्चिमेच्या मानाने अधिक दिवस लागतात, म्हणून पहिले चार-पाच दिवस रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही तरी काळजी करू नये. पेज तेव्हाही चालते.

पाहुणे तर येणारच. ते सायंकाळी येतील अशी व्यवस्था करावी, आणि मग मुलाने तोंड मिटून बसावे. वडील सांगतील ती उंची, ते अंतर, माशांची ती लांबी दुरुस्त करू नये. देवदर्शनाला जायचे असेल, पेडण्याच्या भगवतीला किंवा नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला, तर त्यांच्या सवडीने जावे. आषाढी एकादशी जवळ असेल तर साखळीच्या विठ्ठलापूरला जाणे आपोआप होते. आणि नातवंडे परदेशातून बरोबर आली असतील तर त्यांना गाव दाखविण्याचे काम आजीआजोबांकडे संपूर्ण सोपवावे, कारण येथे वाट त्यांची, भाषा त्यांची आणि ओळखीही त्यांच्याच. केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला नेऊन १५ ऑगस्ट १९५४ रोजी त्या किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा कसा लावला ते सांगणारे आजोबा तेच असतात ज्यांनी लिस्बनच्या वाढप्याशी पोर्तुगीजमधून गप्पा मारलेल्या असतात, आणि या दोहोंत त्यांना काडीचाही विरोध वाटत नाही. वाटेत कोणी बाई अळमी घेऊन बसलेली दिसली तर गाडी थांबवावी, भाव त्यांना करू द्यावा.

यानंतर वही काढावी. घराची ओढ वाटली एवढ्याने न्हाणीघराच्या पायरीवरचे शेवाळ जात नाही. तुळशीपुढच्या पायऱ्यांना कठडा, न्हाणीत धरायला दांडी, खोलीपासून मागच्या दारापर्यंत रात्री जळणारा एक दिवा, आणि विहिरीवर जाणाऱ्या वाटेत मध्ये एक बाक, ही कामे पहिल्याच पंधरवड्यात सांगून टाकावीत. गवंडी पावसात येत नाही, तो नारळी पौर्णिमेनंतरचे सांगेल. सुतार येतो. त्याला काय करायचे ते वडिलांनाच सांगू द्यावे, आणि विमाकंपनीचे कागद, औषधांच्या पावत्या व पासपोर्ट तेवढ्या वेळात त्यांच्याच पेटीत, त्यांच्याच किल्लीखाली ठेवून द्यावेत.